एकशे दहा वाव

"नऊ चाळीस." मी स्टॉपवॉच सुकन्याच्या नाकासमोर धरलं. "वाच. मोठ्यानं वाच."

ती गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. घामाची धार हनुवटीवरून चुन्याच्या फक्कीच्या रेघेवर पडत होती.

"नऊ चाळीस, सर."

"दिवाळीआधी किती होतं?"

"आठ चव्वेचाळीस."

"मग हे काय आहे? तीन महिने डोंगर चढवला, वाळूची पोती उचलायला लावली, नदीच्या वाळूत पळवलं, ते एक मिनिट मागं जायला?"

तिच्या मागून बाकीच्या दहाजणी एकेक करून येत होत्या आणि प्रत्येकीचं घड्याळ तेच सांगत होतं. सगळ्यांची वेळ मिनिटभराने वाढलेली. कुणाची थोडी जास्त, कुणाची थोडी कमी, पण वाढलेली. एखादी पोर ढेपाळली असती तर मी समजू शकलो असतो. अकराच्या अकरा एकदम ढेपाळतात, याचा अर्थ त्यांनी काहीतरी ठरवलेलं आहे, हे मला त्याच क्षणी पटलं.

मला कशाचाही अर्थ लगेच पटायचा. आमची ही सांगायची, की लग्नात सप्तपदी चालताना मी भटजींची पावलं मोजत होतो. ती गंमत करायची, पण फारशी खोटी नव्हती. दूधवाला हसला की मला दुधात पाणी दिसायचं. वर्गात शांतता असली की मी आधी बाकांखाली वाकून बघायचो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या शाळेत मी सात वर्षं खेळाचा मास्तर होतो. "मगदूम सर आले" म्हणत मला बघताच पोरं उगाच खिसे चाचपायची.

त्या वर्षी पुण्यात एक शिबिर झालं होतं. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या एका प्रशिक्षकाने आम्हा चाळीसेक मास्तरांना त्यांच्याकडचा फुटबॉल शिकवला होता. चेंडू अंड्याच्या आकाराचा. तो लाथेनं मारायचा, हातात धरून पळायचं, दुसरीला द्यायचा तर मुठीनं ठोसून द्यायचा. मैदान लंबगोल आणि अफाट मोठं. "या खेळात हुशारी नंतर येते," तो म्हणाला होता, "आधी दम येतो, मग ताकद, मग हुशारी." आम्ही निघताना त्याने प्रत्येकाला दोन चेंडू दिले. राज्याचा मुलींचा संघ निवडायचा होता. पुण्याच्या निवड शिबिराला जायचं तर एकच अट होती, दोन किलोमीटर साडेआठ मिनिटांच्या आत. वेळ मास्तरनं घ्यायची आणि मास्तरनंच नाव कळवायचं.

मला त्या खेळातली एकच गोष्ट आवडली नव्हती. त्याच्या मैदानाला ठरलेलं माप नाही. जागा असेल तसं लहान-मोठं आखतात. मापच नाही म्हटल्यावर लबाडीला किती वाव, असं मला वाटलं होतं.

मैदान आखायची युक्ती मात्र आमच्या केरबाची. केरबा शाळेचा शिपाई. त्याने आधी कुणाच्या तरी बंगल्यात माळीकाम केलेलं होतं. "लंबगोल वाफा आखतो तसंच की ओ सर," म्हणत त्याने मैदानाच्या मधोमध दोन लोखंडी खुंट्या ठोकल्या, दोराचा मोठा फास करून त्यांच्याभोवती टाकला आणि काठीने दोर ताणत चक्कर मारली. काठीच्या मागोमाग मी फक्की सोडत गेलो. बांधकाम खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाचा टेप आणून रेघ मोजली आणि एक फेरी बरोबर अडीचशे मीटर होईपर्यंत दोर कमी-जास्त केला. आठ फेऱ्या म्हणजे दोन किलोमीटर. मग केरबाने दोर सोडून हाताने मोजला. दोन्ही हात पसरायचे, या हाताच्या मधल्या बोटापासून त्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत एक वाव. विहिरीचा दोर आमच्याकडे असाच मोजतात.

"एकशे धा वाव," तो म्हणाला. "ल्हून ठेवा सर."

मी लिहून ठेवलं.

दिवाळीच्या आधी मैदानावर एका पुढाऱ्याची सभा झाली. हेलिकॉप्टर उतरलं, मांडव पडला आणि सुट्टीनंतर बघतो तो खुंट्या जागेवर, पण फक्कीची रेघ तुडवून पुसलेली आणि दोर गायब.

"मांडववाल्यांनी न्हेला असंल," केरबा म्हणाला. "मी आणतो माघारी."

"त्यांनी नेला, का तू दिलास?"

त्याचा चेहरा उतरला. "मी कशाला दीन सर?"

मी त्याच्याकडे बघत राहिलो. माझी खात्री होती, की दोर त्याच्या मेव्हण्याच्या गोठ्यात आहे. मेव्हण्याने नुकतीच म्हैस घेतली होती, हा माझा पुरावा. त्यानंतर मी केरबाला मैदानाच्या कामाला हात लावू दिला नाही. टेप कधीच परत गेला होता, पण माप वहीत होतं; नवा दोर मी आणला, मी कापला आणि मैदान मी आखलं.

त्यानंतरचा पहिला शुक्रवार म्हणजे तो नऊ चाळीसचा.

आता पोरींचा कट शोधून काढायचा होता. आठवड्यातून तीन दिवस सकाळी देवीच्या डोंगराच्या पायऱ्या चढायच्या असा नेम मी घालून दिला होता. मी स्वतः शनिवारीच जायचो, बाकीचे दोन दिवस त्यांच्या भरवशावर. पुढच्या मंगळवारी मी उजाडायच्या सुमाराला पायथ्याच्या हौदामागे दबा धरून बसलो. अकराजणी आल्या. सुकन्या पुढे. पाच वेळा चढल्या, पाच वेळा उतरल्या. मयुरी नावाची एक पोर चौथ्या फेरीत मटकन खाली बसली, तर सुकन्याने तिला पाठुंगळीला घेतलं आणि उरलेल्या चाळीस-पन्नास पायऱ्या तशाच चढली. कुणी चुकार झालं नाही. घरी येताना मी स्वतःला विचारलं, की मी येणार हे यांना कुणी सांगितलं असेल?

मग मी त्यांची ताकद तपासली. पूर्वी जी पोर बारा जोर मारताना पडायची ती तीस मारत होती. वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन मैदानाच्या रुंदीइतकं जाताना पूर्वी तीनदा टेकवायच्या, आता एकदाही नाही. सगळं वाढलं होतं, फक्त पळणं तेवढं घटलं होतं.

तेव्हा मी पळून झाल्यावर मनगटावर बोटं ठेवून पुन्हा नाडी मोजायला लागलो. दोन मिनिटांत सुकन्याची नाडी खाली आली. ऑगस्टमध्ये तिला पाच मिनिटं लागायची. पुण्याच्या शिबिरातल्या त्या प्रशिक्षकाने आम्हाला पढवलं होतं, की नाडी लवकर खाली आली म्हणजे दम वाढला. वहीत ते वाक्य माझ्या अक्षरात होतं. पण मी म्हणालो, "बघ. छाती भरलेलीच नाही. तू जीव तोडून पळतच नाहीस."

"पळतोय की, सर." आमच्याकडच्या पोरी बोलतात तसंच ती पोरासारखं बोलायची. "पाय भरून येत्यात शेवटी."

"मग वेळ कुठं जाते?"

"तेच कळंना."

कारण मला त्याच दुपारी कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. शेजारच्या शाळेचे पोवार सर कबड्डीचे. ते फाटकापाशी सुकन्याशी बोलत उभे होते आणि ती मान डोलवत होती. माझ्या डोक्यात सगळी मांडणी फटाफट जुळली. पोवारला तगडी पोर पाहिजे. पुण्याची निवड झाली नाही तर आमचा संघ मोडणार आणि पोरी कबड्डीकडे जाणार. सुकन्या कप्तान, ती सावकाश पळाली तर बाकीच्या तिच्यामागे सावकाश पळणार. सोपं होतं.

"पोवार काय म्हणत होता?" मी विचारलं.

"त्यांच्या पोरीचं लगीन हाय. आमच्या बाबास्नी सांगा म्हणाले, दाराच्या कड्या करायच्यात."

तिचे वडील लोहारकाम करायचे. उत्तर इतकं सरळ होतं, की मला ते घोटून आणल्यासारखं वाटलं.

खरं सांगायचं तर ती पोर मला आवडायची. चेंडू कप्तानाने सांभाळायचा असा नियम मी केला होता, तर ती तो घरी नेऊन खोबरेल तेलाने पुसायची आणि भात्याच्या धगीपासून लांब, धान्याच्या कणगीवर ठेवायची. दहावीचं वर्ष होतं तिचं. एकदा पायऱ्या उतरताना म्हणाली होती, "सर, पुण्याला गेलो की रेल्वेत बसायला मिळंल. मी अजून बसलो न्हाई." तेवढंच. आणि अशा पोरीने मला फसवावं, याचा मला जास्त राग येत होता.

जानेवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी शेवटची चाचणी होती. नावं सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवायची होती. थंडी होती, वारा नव्हता, पळायला याहून चांगला दिवस मिळाला नसता. सुकन्या सुटली ती पहिल्या फेरीपासूनच एकटी पुढे. सहाव्या फेरीला तिचे ओठ पांढरे पडले होते. आठवी संपवून ती रेघेवरच आडवी झाली.

नऊ बारा.

आधीच्यापेक्षा चांगली वेळ होती, पण साडेआठ नव्हती. मला वाटलं, वा, शेवटच्या दिवशी थोडं नाटक केलं. सगळ्या आल्यावर मी त्यांना ओळीत उभं केलं.

"कुणाच्या सांगण्यावरून चाललंय हे?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

"सुकन्या, पुढं ये. तू सांगितलंस ना यांना हळू पळायला?"

तिने मान वर केली. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसतं आश्चर्य होतं. "न्हाई सर."

"मग पोती उचलतेस, डोंगर चढतेस, नाडी दोन मिनिटांत खाली येते आणि वेळ तेवढी वाढते. कशी?"

तिने खाली बघितलं. मग पायाच्या अंगठ्याने फक्कीची रेघ चाचपत म्हणाली, "सर, मैदान लांबलंय."

मी हसलो. ओळीतल्या दोघीतिघी माझ्याबरोबर हसल्या, भीतीने.

"मैदान लांबलं? पावसात फुगलं का?"

"काय म्हाईत न्हाई. पर पयलं, पाण्याच्या टाकीपशी आलो की सात श्वास व्हायचे. आता आठ हुत्यात. समद्या तसंच म्हनत्यात. इचारा."

"वा. म्हणजे शाळेचं मैदान खोटं आणि तू खरी."

"मी खोटं न्हाई बोलत, सर."

"चेंडू आण."

तिने पिशवीतून चेंडू काढला. तेलाने चकाकत होता. मी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि मयुरीला दिला. मयुरीने तो असा धरला, की जणू कुणाचं तान्हं पोर चुकून तिच्याकडे आलंय. सुकन्याने पिशवीची घडी केली, काखेत धरली आणि फाटकातून निघून गेली. शनिवारी मी मुख्याध्यापकांच्या फोनवरून पुण्याला कळवलं, आमच्याकडून कुणीही नाही. पलीकडचा माणूस भला होता. म्हणाला, "यादी सोमवारी पाचला बंद होतेय. काही बदल झाला तर सांगा."

सोमवारी दहाच्या सुमाराला केरबा व्हरांड्यात आला. खांद्यावर दोराचं मोठं वेटोळं होतं. माझ्या पायाशी त्याने ते धाडकन टाकलं.

"ह्यो घ्या तुमचा दोर. मांडववाल्याच्या गुदामात व्हता. सात येळा गेलो मी. पाठवतो म्हनायचा, पाठवायचा न्हाई. आज खांद्यावर टाकून आनला." मग जरा थांबून म्हणाला, "माझ्या मेव्हन्याची म्हस साखळीला बांधलीया, सर. एकदा येऊन बघून जावा."

उगाच काहीतरी करायचं म्हणून मी नवा दोर आणला आणि म्हणालो, दोन्ही एकत्र गुंडाळून ठेव. केरबाने दोन्हींची टोकं भिंतीतल्या खुंटीला अडकवली आणि व्हरांड्याच्या खांबांभोवती ते बरोबरीने फिरवत नेले. जुना संपला. नवा संपला नाही. पलीकडच्या दोन वर्गांच्या दारांवरून जाईल एवढा नवा दोर शिल्लक होता.

"ह्यो किती वाव मोजलासा?"

"एकशे दहा. तू सांगितलं होतंस तेवढाच."

"कुनी मोजला?"

"मी."

केरबा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने दोन्ही हात पसरले. "सर, माझ्या पाठीला पाठ लावून हुबं ऱ्हावा. हात पसरा."

मी उभा राहिलो. त्याच्या पाठीचा घाम माझ्या सदऱ्याला लागला. केरबा माझ्यापेक्षा थोडा बुटका होता, फार नाही. शाळेतल्या कुणाला ते कधी जाणवलंही नसेल. माझी बोटं त्याच्या बोटांच्या पुढे गेली होती, दोन बोटं इकडे आणि दोन बोटं तिकडे.

वावामागे चार बोटं, असे एकशे दहा वाव. आणि खुंट्यांभोवतीचा दोर थोडा वाढला, की रेघ चारी बाजूंनी बाहेर सरकते.

केरबा हिशेब करत बसला नाही. तो धावतच जाऊन बांधकाम खात्यातल्या त्या माणसाचा टेप घेऊन आला आणि आम्ही दोघांनी मी आखलेली रेघ मोजली. दोनशे ऐंशीच्या वर भरली. अडीचशेच्या आठ फेऱ्या करायच्या तिथं पोरींनी दोन महिने नऊ फेऱ्यांची वाट तुडवली होती. मी आठ मोजत होतो आणि त्या नऊ पळत होत्या. सुकन्याचे नऊ बारा म्हणजे खरे आठ दहा. राज्यात तशी वेळ किती पोरींची असेल, मला माहीत नाही.

"म्हंजे पोरी..." केरबा बोलता बोलता थांबला. "सर, पुन्याला फोन करा. पाचपत्तूर हाय म्हनत हुतासा न्हवं?"

"करतो."

"आत्ता करा."

"करतो म्हणालो ना. तू मैदान जुन्या दोराने आखून घे. आणि हे कुणाला बोलू नकोस."

"मी कशाला बोलू?" तो म्हणाला. "बोलायचं तुमीच."

मुख्याध्यापकांच्या खोलीत फोन टेबलावर होता. ते स्वतः समोर बसलेले होते. दोन कारकून होते आणि, योग बघा, पोवार सर लग्नाची पत्रिका द्यायला आलेले होते. फोन करायचा तर या सगळ्यांसमोर सांगावं लागणार होतं, की माझी चूक झाली. मी दोर मोजला आणि चुकलो. पोरीने तोंडावर सांगितलं आणि मी तिला लबाड म्हटलं. मी दारात उभा राहिलो. पोवारांनी पत्रिका दिली, मी घेतली. तीन वाजता परत गेलो, साडेचारला परत गेलो. साडेचारला तर खोलीत कुणीच नव्हतं. मी फोन उचलला, सूर ऐकला आणि ठेवून दिला. पुढच्या वर्षी बघू, असं मी मनाशी म्हणालो. तिला पुढचं वर्ष नव्हतं, हे मला पक्कं माहीत असताना म्हणालो. मला माझी लाज वाटली आणि ती लाज लपवण्याचं काम मी अगदी चोख केलं.

मंगळवारी पोरी जुन्या मापाच्या मैदानावर पळाल्या. सुकन्यासुद्धा आली होती. कप्तानपद गेलं तरी ती आली होती, ओळीच्या शेवटी उभी. आठ अकरा. मयुरी आठ एकोणतीस. सगळ्या किंचाळत एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

"सर, तुमच्या शिव्या लागू पडल्या!" मयुरी ओरडली.

आणि मी हसलो. "मग? रागवल्याशिवाय तुमच्या अंगात येतंय का?" असं म्हणालो मी. केरबा फक्कीची बादली घेऊन टाकीपाशी उभा होता. त्याने तोंड फिरवलं.

सुकन्या त्या घोळक्यात नव्हती. ती रेघेवर उभी होती. केरबाने नवी रेघ आखली होती, पण मी आखलेली पूर्ण पुसली गेली नव्हती. गवतात बाहेरच्या बाजूला तिचा पांढुरका पट्टा दिसत होता. सुकन्याने या रेघेवरून त्या रेघेवर पावलं टाकली, टाचेला अंगठा लावून, एक एक. मग माझ्याकडे आली.

"सर, आज पुण्याला कळवता यील का?"

"नाही. मुदत काल संपली."

"काल," ती म्हणाली.

मग तिने चपला घातल्या आणि घरी गेली. परीक्षेपर्यंत रोज शाळेत आली, मी समोर आलो की नमस्कार करायची, पण मैदानावर परत आली नाही.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मागच्या डिसेंबरात तालुक्याला मुलींच्या स्पर्धा होत्या, याच खेळाच्या. मी निवृत्तीला आलेला मास्तर, पंच म्हणून गेलो होतो. सकाळी मैदानात गेलो तर निळ्या ट्रॅकसूटमधली एक बाई खुंट्यांपाशी वाकून टेप सोडत होती. तिच्या पंधरा पोरी रांगेत बसून बघत होत्या. आखून ठेवलेलं मैदान पुन्हा मोजणारी प्रशिक्षक मी तोपर्यंत पाहिली नव्हती.

तिने मान वर केली आणि मला ओळखलं. मीही ओळखलं.

"सर." ती आता नागरी बोलायला शिकली होती. "बरं झालं भेटलात. हे टोक धरता का?"

मी टेपचं टोक धरलं आणि फक्कीच्या रेघेवर उभा राहिलो. ती दुसरं टोक घेऊन लांब चालत गेली. तोंडात कितीतरी वर्षांचं वाक्य आलं होतं.

"सुकन्या," मी ओरडलो. "त्या सोमवारी पाचच्या आत मला कळलं होतं. मी फोन..."

ती थांबली. वळली नाही. तिच्या पोरी माझ्याकडे बघायला लागल्या.

"माहिती आहे, सर," ती म्हणाली. "केरबामामांनी त्याच आठवड्यात घरी येऊन सांगितलं होतं. तुम्ही कधी सांगताय, ते मी बघत होते."

टेप हातातून जमिनीला टेकला.

"सर, टेप सैल पडलाय," ती म्हणाली. "ताणून धरा. पोरी थांबल्यात."